शिल्लक आली कुठून, हे आधी विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१८-१९ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या महसुली खात्यात जवळपास १२ हजार कोटींची शिल्लक होती, तरी त्याच वर्षी सरकारने कर्ज काढलं. मार्च २०२६ अखेर कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाचाच अंदाज होता. तेव्हा हातात पैसा होता तर कर कमी करायचे होते, नाहीतर कर्ज तरी फेडायचं होतं. दोन्हींपैकी काहीच का झालं नाही? आणि उत्तर प्रदेश शिलकीत असताना आपणच तुटीत का? प्रश्नकर्त्याने लिहिलंय की त्यांच्या मित्रमंडळात यावरून दोन तट पडलेत, एक करकपातवाला आणि एक कर्जफेडवाला.

राज्याच्या वित्त व लेखा सेवेत मी चौतीस वर्षं काढली. कोषागारात, जिल्हा परिषदेत आणि शेवटची बरीच वर्षं मंत्रालयात. त्या अनुभवावरून सांगतो, हे दोन्ही तट एका पायरीने पुढे जाऊन भांडताहेत. शिलकीचं काय करायचं हे ठरवण्याआधी ती आली कुठून हे बघावं लागतं. तिथेच अर्धं उत्तर मिळतं.

आधी त्या १२ हजार कोटींचा हिशेब लावू. सरकारची दोन खाती धरा. महसुली खात्यात कर येतात, केंद्राचा वाटा आणि अनुदानं येतात. त्यातून पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं, योजनांचं वाटप जातं. भांडवली खात्यातून रस्ते, धरणं, इमारती होतात. २०१८-१९ मध्ये महसुली खात्यात ११,९७५ कोटी उरले. भांडवली खर्च मात्र साधारण ३५ हजार कोटींचा होता. त्यातले १२ हजार शिलकीतून गेले, उरलेल्या २३ हजारांसाठी कर्ज काढलं. म्हणजे ती शिलकीची रक्कम तिजोरीत पडून नव्हती, ती त्याच वर्षी रस्त्या-कालव्यांत गेली होती. ‘शिल्लक असून कर्ज’ हे ऐकायला विचित्र वाटतं, पण ज्याने घरखर्च भागवून उरलेले पैसे विहीर खणायला वापरले आणि कमी पडले तेवढे सोसायटीकडून उचलले, त्याला आपण काही विचित्र म्हणत नाही.

इथवर सगळं छान आहे. आता पुढचा रकाना बघा.

अर्थसंकल्पात प्रत्येक वर्षाचे आकडे तीनदा येतात: आधी अंदाज, वर्षाच्या शेवटाला सुधारित अंदाज, आणि त्याच्या पुढच्या वर्षी प्रत्यक्ष आकडे. टीव्हीवर चर्चा होते ती पहिल्यावर. तिसऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, कारण तोवर तो जुना झालेला असतो. २०१८-१९ चा अर्थसंकल्प मांडला तेव्हा १५,३७५ कोटींची महसुली तूट दाखवली होती. प्रत्यक्षात निघाली ११,९७५ कोटींची शिल्लक. म्हणजे २७ हजार कोटींचा फरक. कुणालाही वाटेल, कर भरभरून जमा झाले असणार. तसं झालं नव्हतं. जमेचा अंदाज २,८५,९६८ कोटी होता, आले २,७८,९९६ कोटी. म्हणजे जमा सात हजार कोटींनी कमीच पडली. खर्चाचा अंदाज ३,०१,३४३ कोटींचा होता, झाला २,६७,०२२ कोटींचा. ३४ हजार कोटी खर्चच झाले नाहीत.

शिल्लक आली ती इथून.

आता न झालेला खर्च म्हणजे काय, हे कागदावरून कळत नाही. कोषागाराच्या खिडकीशी बसलं की कळतं. काही खर्च खरोखर वाचतो: व्याजदर उतरतो, एखाद्या योजनेला अंदाजापेक्षा कमी लाभार्थी निघतात. काही वाचतो तो रिकाम्या पदांमुळे. तलाठी, परिचारिका, शिक्षक यांची पदं मंजूर असतात, त्यांच्या पगाराची तरतूदही असते, पण भरती झालेली नसते. लेख्यांत ही बचत दिसते, गावात उपकेंद्राला कुलूप दिसतं. आणि काही खर्च फक्त पुढे ढकललेला असतो.

हा शेवटचा प्रकार मी एका जिल्ह्याच्या कोषागारात असताना जवळून पाहिलाय. ३१ मार्चची रात्र. बाहेरच्या व्हरांड्यात बांधकाम, पाटबंधारे, समाजकल्याण अशा सगळ्या कार्यालयांचे कारकून देयकांचे गठ्ठे मांडीवर घेऊन बसलेले. टोकन नंबर पुकारले जाताहेत, चहाची तिसरी फेरी झालेली. साडेनऊच्या सुमाराला वरून फोन आला की अमुक लेखाशीर्षाची देयकं आता घेऊ नका, निधी वितरित होणार नाही. लेखी काही नाही. बाकावर एक लहान ठेकेदार बसला होता. शाळांच्या संरक्षक भिंतींचं काम, अकरा लाखांचं देयक, मोजमाप पुस्तिकेवर सह्या झालेल्या, काम डिसेंबरातच पुरं. वडापावचा कागद हातात चुरगाळत तो मला म्हणाला, “साहेब, भिंत तर उभी आहे की.” त्याचं देयक निघालं जुलैत, नव्या वर्षाच्या तरतुदीतून. मधल्या काळात त्याने सावकारी व्याजाने मजुरांचे पैसे भागवले होते. सरकारने त्याला व्याज दिलं नाही, तसा प्रश्नही कुणाला पडला नाही.

आपल्या सरकारचे लेखे रोखीवर चालतात. पैसा गेला त्या दिवशी खर्च. काम झालं, देणं लागलं, पण पैसा गेला नाही, तर त्या वर्षीच्या खर्चात ते कुठेच नसतं. त्यामुळे त्या वर्षी माझ्या जिल्ह्यातून राज्याची तूट अकरा लाखांनी ‘सुधारली’. असे किती अकरा लाख राज्यभर असतील हे तुम्ही मनाशी ठरवा. २०२५ मध्ये ठेकेदारांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या तेव्हा त्या जवळपास ९० हजार कोटींच्या थकबाकीचा दावा करत होत्या. त्यातलं किती खरं आणि किती वादातलं, ही चर्चा वेगळी. पण यातला काही भाग जरी खरा असला, तरी ते कर्जच आहे. फक्त ते रिझर्व्ह बँकेच्या लिलावातून न घेता गावोगावच्या ठेकेदारांकडून, न विचारता आणि बिनव्याजी घेतलेलं आहे, आणि ९ लाख ३२ हजार कोटींच्या आकड्यात ते मोजलेलं नाही.

याचा उलटा प्रकारही होतो, तोही सांगून टाकतो. निधी बुडू नये म्हणून ३१ मार्चला पैसा काढून महामंडळाच्या बँक खात्यात नाहीतर स्वीय प्रपंजी लेख्यात (म्हणजे सरकारी तिजोरीतच, पण एखाद्या अधिकाऱ्याच्या नावे असलेल्या खात्यात) नेऊन ठेवतात. तिथे खर्च लेख्यात दिसतो आणि जागेवर काम शून्य. म्हणजे शिलकीचा आकडा दोन्ही बाजूंनी खोटा बोलू शकतो.

आता करकपातवाल्यांकडे येऊ. त्यांची तळमळ मला कळते. पेट्रोल पंपावर उभं राहिलं की प्रत्येकाला कळते. पण कर कमी करणं ही दरवर्षीची गोष्ट असते आणि शिल्लक बहुतेकदा एका वर्षाची. जुलै २०२२ मध्ये राज्याने पेट्रोलवरचा कर लिटरमागे ५ रुपयांनी आणि डिझेलवरचा ३ रुपयांनी उतरवला. त्याचा भार वर्षाला ६ हजार कोटी सांगितला गेला. ते सहा हजार त्या वर्षी गेले, पुढच्या वर्षी गेले, आजही जाताहेत. आता कल्पना करा, २०१९ च्या निवडणुकीआधी कुणी त्या १२ हजार कोटींच्या जोरावर तेवढीच कायमची करकपात करून टाकली असती. वर्षभरातच टाळेबंदी आली आणि २०२०-२१ मध्ये महसुली तूट ४१ हजार कोटींच्या वर गेली. ती ५३ हजारांवर गेली असती. आणि एकदा उतरवलेला कर परत चढवणं किती अवघड असतं ते कुठल्याही वित्तमंत्र्याला विचारा. ते जमत नाही म्हणूनच सगळे शेवटी दारूकडे वळतात. जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, १४ हजार कोटी जादा मिळतील या आशेने. दारू पिणाऱ्यांचा मोर्चा निघत नाही ना.

वस्तू व सेवा कर आल्यापासून राज्याच्या हातात तसे करही थोडेच उरलेत. इंधन आणि मद्यावरचा कर, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क, आणि व्यवसाय कर, ज्याची कमाल मर्यादा संविधानातच वर्षाला २,५०० रुपयांवर बांधलेली आहे. (हा व्यवसाय कर १९७५ साली रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला आला. खास कामासाठी आलेला कर पुढे घरचाच होऊन राहतो, त्याचा हा नमुना.) बाकीचं सगळं दिल्लीत जीएसटी परिषदेत ठरतं. त्यामुळे ‘कर कमी करा’ म्हणताना नेमका कुठला, हे सांगावं लागतं.

मग एका वर्षाच्या पैशातून लोकांना दिलासा देताच येत नाही का? येतो, पण मुदत घालून. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने मुद्रांक शुल्कात तीन टक्के सूट दिली, ती डिसेंबरअखेरपर्यंत. मग जानेवारी ते मार्च २०२१ दोन टक्के सूट, आणि १ एप्रिलला दर पुन्हा जागेवर. त्या वेळी शिल्लक नव्हती, उलट संकट होतं, पण पद्धत बघा. शेवटची तारीख पहिल्याच दिवशी जाहीर होती. लोकांनी घरं घेतली, नोंदणी कार्यालयांत रांगा लागल्या, आणि दर परत चढवताना कुणी बंद पुकारला नाही. शिलकीतून सूट द्यायची तर या जातीची द्यावी.

कर्जफेडवाल्यांचं म्हणणं तत्त्वात मला जवळचं वाटतं, पण ते ‘फेडा’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर घराचं कर्ज असतं: हातात बोनस आला, बँकेत गेलो, मुद्दल कमी केलं. राज्याचं बहुतेक कर्ज तसं नाही. रिझर्व्ह बँक राज्यांसाठी, सहसा मंगळवारी, रोख्यांचा लिलाव करते. बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी ते घेतात. दहा वर्षांचा रोखा म्हणजे दहा वर्षांनी ठरल्या तारखेला परतफेड. मध्येच जाऊन ‘घ्या तुमचे पैसे’ म्हणायची सोय सहसा नसते. माझ्या नोकरीत मुदतीआधी मोठ्या प्रमाणावर कर्ज फेडलेलं मी एकदाच पाहिलं, २००२ ते २००५ च्या दरम्यान. केंद्राकडून घेतलेली तेरा टक्क्यांहून महाग कर्जं राज्यांनी बाजारातल्या स्वस्त कर्जातून फेडावीत अशी योजना आली होती. तेव्हाही मुद्दल कमी झालं नव्हतं, व्याज कमी झालं होतं. आम्ही रात्री बसून याद्या तयार केल्या होत्या. कुठलं कर्ज कुठल्या सालचं, किती टक्क्यांचं. तो फायदा पुढे कित्येक वर्षं मिळत राहिला, आणि त्यावर एकही बातमी छापून आल्याचं मला आठवत नाही.

म्हणून आज ‘शिलकीतून कर्ज फेडा’ याचा व्यवहारातला अर्थ दोनच: या वर्षी नवं कर्ज कमी घ्या, किंवा परतफेडीसाठी रिझर्व्ह बँकेकडे जो निक्षेप निधी असतो त्यात भर घाला. दुसरी गोष्ट कंटाळवाणी आहे, पण कामाची आहे. टाळेबंदीच्या वर्षात दहा वर्षांच्या मुदतीने जे रोखे काढले गेले ते २०३०-३१ मध्ये परत करायचे आहेत. तेव्हा सत्तेत कोण असेल माहीत नाही, रोख्यांवरची तारीख मात्र पक्की आहे.

आता ९ लाख ३२ हजार कोटी. माणशी सत्तर-पंचाहत्तर हजार असं करून ते सांगितलं जातं. मला तो हिशेब कधीच पटला नाही, कारण तुमच्या दारात कुणी वसुलीला येणार नाही. मी दोन गोष्टी बघतो. एक, राज्याच्या स्थूल उत्पन्नाशी, म्हणजे राज्यात वर्षभरात तयार होणाऱ्या सगळ्या वस्तू-सेवांच्या किमतीशी, कर्जाचं प्रमाण. २०१८-१९ ला ते सोळा टक्क्यांच्या आसपास होतं, आता एकोणिसाच्या जवळ आहे. वाढलंय, पण इतर बऱ्याच मोठ्या राज्यांपेक्षा कमी आहे. दोन, महसुली जमेतला किती हिस्सा व्याजात जातो. २०२५-२६ च्या अंदाजात व्याज साधारण ६४ हजार कोटी आणि जमा ५,६०,९६४ कोटी. म्हणजे रुपयातले साडेअकरा पैसे. २०१८-१९ मध्येही हा हिस्सा बारा पैशांच्या आसपासच होता. कर्ज दुपटीहून जास्त झालं, पण जमाही दुप्पट झाली. सरकारची कर्जं फिटत नसतात, उत्पन्न वाढलं की ती हलकी होतात. उत्पन्नाची वाढ व्याजदराच्या खाली गेली की हेच गणित उलटं फिरतं, एवढं ध्यानात ठेवायचं.

मग काळजी करायचीच नाही का? करायची, पण वेगळ्या जागी. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी आणि एकूण राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभरात कर्ज काढून भागवायची रक्कम, १,३६,२३५ कोटी आहे. म्हणजे त्या वर्षी उसन्या घ्यायच्या प्रत्येक तीन रुपयांतला एक रुपया पगार, अनुदान, व्याज, वाटप यांत जाणार. २०१८-१९ मध्ये घेतलेला प्रत्येक रुपया भांडवली कामात जाऊ शकत होता, वर महसुली खात्यातले बारा हजार कोटीही त्याच कामात घालता येत होते. माझ्या मते या सात वर्षांतला खरा फरक हा आहे; कर्जाची रक्कम दुप्पट झाली हा नव्हे. यात लाडकी बहीण योजनेचे ३६ हजार कोटी आहेत, हे लगेच कुणीतरी म्हणेल. आहेतच. योजना चांगली की वाईट हा राजकीय प्रश्न आहे, त्यावर मत द्यायचा अधिकार मतदाराचा. लेखाधिकारी म्हणून मी एवढंच विचारीन की दरमहा द्यायच्या पैशासाठी दरमहा येणारा पैसा कुठला बांधलाय? तो बांधलेला नसेल तर आज दिलेल्या दीड हजाराचा हप्ता पुढची दहा वर्षं व्याजासकट सगळे मिळून फेडणार, त्यात ती बहीणही आली.

उत्तर प्रदेशाबद्दल लवकर सांगतो. २०२५-२६ च्या त्यांच्या अर्थसंकल्पात ७९,५१६ कोटींची महसुली शिल्लक दाखवली आहे, हे खरं. त्याच कागदावर ९१,४०० कोटींची राजकोषीय तूटही आहे, ती फॉरवर्ड होणाऱ्या मजकुरात गळते. आणि त्यांच्या जमेचा मोठा आधार आहे केंद्रीय करांतला वाटा. पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्राने २०२५-२६ पर्यंत त्यांना १७.९३९ टक्के मिळत होते, आपल्याला ६.३१७ टक्के. २०२५-२६ च्या केंद्राच्या अंदाजानुसार त्यांना साधारण २ लाख ५५ हजार कोटी, आपल्याला ९० हजार कोटींच्या आत. सूत्र लोकसंख्या आणि गरिबी बघतं, त्यामुळे ते मुळातच आपल्याकडून तिकडे झुकणार. त्यावर रडून उपयोग नाही. पण ‘त्यांनी शिल्लक काढली, आपल्याला जमली नाही’ हे म्हणायच्या आधी जमेच्या बाजूची ही ओळ वाचायला हवी. आणि तिथेही दाखवलेली शिल्लक हा अंदाज आहे, प्रत्यक्ष रकाना नव्हे.

तर मग शिल्लक आलीच तर काय करावं? परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि हे मी अंग चोरून म्हणत नाही. जमा वाढून आली असेल आणि सलग तीन-चार वर्षं टिकली असेल, तर करकपातीचा विचार जरूर करावा. जमीन विकून, जुनी थकबाकी एकदम वसूल होऊन किंवा केंद्राची एकरकमी मदत येऊन शिल्लक आली असेल, तर तो एकदाचा पैसा आहे. एकदाच्याच कामात घालावा. आणि खर्च न झाल्यामुळे आली असेल, २०१८-१९ सारखी, तर सगळ्यात आधी कुणाचे पैसे थकलेत ते बघावं. माझ्या हाती असतं तर पहिल्या महिन्यात प्रत्येक विभागाकडून काम पूर्ण होऊन नव्वद दिवस उलटलेल्या देयकांची यादी मागवली असती आणि शिल्लक तिथे लावली असती. त्यानंतर उरलं तर निक्षेप निधी, मग अपुरी राहिलेली धरणं-कालवे, कारण अर्धवट प्रकल्प दरवर्षी महाग होत जातो. करकपात या रांगेत सगळ्यात शेवटी, आणि तीही तारीख घालून. करकपातवाल्या तटाला हे आवडणार नाही. वित्तमंत्र्यालाही आवडणार नाही, कारण जुनी देयकं फेडल्याची फीत कापता येत नाही.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर अर्थसंकल्पाबरोबर एक बारीक पुस्तिका निघते, वित्त विभागाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळते. भाषण बाजूला ठेवा आणि तिच्यातला सुरुवातीचा गोषवारा उघडा. २०२५-२६ चे प्रत्यक्ष आकडे मार्च २०२७ च्या अर्थसंकल्पात छापले जातील. ४५,८९१ च्या जागी तेव्हा काय येतं ते बघा. तूट खूप घटलेली दिसली, तर आधी जमेची ओळ वाचा, मग खर्चाची.